रणगाड्याला मागून बघा

रणगाडा दिसला की माणसं आपोआप तोफेच्या तोंडाशी जाऊन उभी राहतात. नळीखाली पोरांना उभं करून फोटो काढायचा, पाटीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं की चालले पुढच्याकडे. अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या सवयीच्या नगरच्या, रणगाडा संग्रहालयात पन्नासेक गाड्या आहेत. या वेगानं त्या अर्ध्या तासात उरकतात आणि परतीच्या वाटेवर गाडीत कुणीतरी म्हणतंच, ‘सगळे सारखेच दिसतात की!’ पुढून बघितलं तर ते खरंही आहे. म्हणून पहिला सल्ला असा, की रणगाड्याकडे मागून जा. मागून, मग बाजूनं, मग थोडं वाकून पोटाखाली, आणि सगळ्यात शेवटी तोफेकडे. इंजिन कुठे बसवलंय, पट्टा कोणतं चाक ओढतं, पत्रे एकमेकांना कसे जोडलेत आणि आतल्या माणसाला बाहेर पडायला वाट कुठे ठेवलीय, एवढं बघितलंत तरी दोन रणगाडे पुन्हा सारखे दिसणार नाहीत.

लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं हे संग्रहालय १९९४च्या फेब्रुवारीत सुरू केलं. चिलखती दलाचं हे प्रशिक्षण केंद्र १९४८पासून नगरला आहे. पुण्याहून साधारण १२० किलोमीटर, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. शिर्डीला जाणारे हजारो लोक नगरवरून जातात आणि यातलं काही न बघता पुढे सुटतात, याची मला गंमत वाटते.

जागा लष्कराची आहे, हे घरातून निघतानाच डोक्यात असू द्या. फोटो असलेलं ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं. वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि तिकिटाचा दर आधी विचारून घ्या. लष्करी कार्यक्रमासाठी अशा जागा ऐनवेळी बंद राहू शकतात. फोटोबद्दल दारावर जे सांगतील ते अंतिम. शेजारच्या लष्करी इमारतींकडे कॅमेरा वळवू नका आणि ड्रोन घरीच ठेवा. रणगाड्यावर चढायचं नाही, हे पोरांपेक्षा बापांना जास्त बजावावं लागतं. वर्षानुवर्षं उन्हापावसात उभ्या असलेल्या लोखंडाच्या कडा धारदार असतात, आणि नगरच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात तो पत्रा हात लावण्याच्या लायकीचा राहत नाही. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. सकाळी लवकर पोचा. टोपी, पाणी आणि एक छोटी बॅटरी सोबत घ्या. बॅटरी कशाला, ते पट्ट्यांच्या आतल्या बाजूला वाकून बघाल तेव्हा कळेल.

पन्नासच्या पन्नास बघण्याचा अट्टहास करू नका. सात-आठ गाड्या निवडा आणि प्रत्येकीला दहा-पंधरा मिनिटं द्या.

सुरुवात रोल्स रॉइसपासून करा. होय, तीच राजेरजवाड्यांची रोल्स रॉइस. सिल्व्हर घोस्ट या मोटारीच्या चॅसीवर चिलखती पत्रा चढवून पहिल्या महायुद्धात लढाऊ गाड्या केल्या गेल्या, त्या जातीची ही गाडी इथली सगळ्यात जुनी समजली जाते. चिलखत आणि गोल टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, क्षणभर नजरेआड करा, की खाली लांब बोनेटची मोटार उरते. एवढं वजन पेलेल असं मजबूत आणि भरवशाचं तयार यंत्र तेव्हा ज्या मोटारींकडे होतं, त्यांतली ही एक. मागच्या चाकांकडे बघायला विसरू नका. वाढलेल्या वजनासाठी ती जोडीनं बसवत. युद्धाची गाडी आणि हौसेची गाडी ही दोन वेगळी घराणी आहेत असं वाटत असेल, तर तो समज इथंच सुटतो.

मग दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यांकडे चला. इथं सांधे बघायचे. व्हॅलेंटाइनचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेले असतात, माटिल्डाचे मोठे भाग ओतीव. रिव्हेटची अडचण अशी, की बाहेरून गोळा आदळला, पत्रा फुटला नाही तरी रिव्हेट तुटून आत उडायचा आणि आतल्यांना गोळीसारखा लागायचा. म्हणून हळूहळू रिव्हेट गेले आणि ओतकाम नि वेल्डिंग आलं. एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नजर टाकत हा बदल तुम्हाला स्वतःला शोधता येतो, त्याला पाटी लागत नाही. माटिल्डात दोन इंजिनं आहेत आणि ती बसच्या जातीची डिझेल इंजिनं आहेत, हेही जाता जाता ध्यानात ठेवा. चर्चिलची बाजूची चाकं मोजायला मुलांना लावा. एकेका बाजूला अकरा छोटी चाकं निघतात. वेग अगदीच बेताचा, पण डोंगर चढायला हा रणगाडा पक्का होता.

अमेरिकी शर्मनसमोर उभं राहिलं की पहिली शंका येते ती उंचीची. पावणेतीन मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ फूट. लढाईत शत्रूला लांबून दिसेल असं कशाला बांधायचं? उत्तर मागे आहे. घाईच्या काळात रणगाड्यासाठी वेगळं इंजिन करत न बसता विमानाचं गोल, रेडियल इंजिन बसवलं गेलं. त्याचा मधला दांडा जमिनीपासून बराच वर असतो. गिअरबॉक्स मात्र पुढे, ड्रायव्हरपाशी. म्हणजे मागच्या इंजिनापासून पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत शाफ्ट न्यायचा तो टरेटखालून, आणि त्याला जागा द्यायची तर टरेट वर उचलायचं. आता पुढे जाऊन पट्ट्याचं दात्यांचं चाक कुठे आहे ते बघा. ते पुढे आहे. नंतर पॅटनपाशी जाल तेव्हा हेच चाक मागे गेलेलं दिसेल, आणि गाडी शर्मनपेक्षा पसरट.

शर्मनचा धाकटा भाऊ म्हणजे स्टुअर्ट. याच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा. आकारानं लहान, वजन पंधरा टनांच्या आतबाहेर, तोफ आजच्या नजरेला अगदीच किरकोळ. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात जर्मनांसमोर त्याचं फारसं चालत नव्हतं. पण १९४८मध्ये काश्मिरात लेहची वाट मोकळी करायची होती आणि जोजिला खिंड, साधारण साडेअकरा हजार फुटांवरची, शत्रूनं अडवून धरली होती. पायदळाचे हल्ले अडले, तेव्हा मेजर जनरल थिमय्यांनी तिथं रणगाडे चढवायचं ठरवलं. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जम्मूहून निघाले. वाटेतले पूल वजन पेलणार नाहीत म्हणून टरेट उतरवून वेगळे नेले, बातमी फुटू नये म्हणून रणगाडे झाकून नेले. सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरांनी, बालतालपासून वर रस्ता फोडला. १ नोव्हेंबर १९४८ला बर्फ पडत असताना रणगाडे खिंडीत पोचले. वरच्या बंकरांमध्ये बसलेल्यांना तिथं रणगाडा येईल ही कल्पनाच नव्हती. ही गोष्ट आधी मुलांना सांगा आणि मग टरेट जिथं धडावर बसतं तो गोल सांधा दाखवा. ते टरेट उचलायचं, ट्रकवर टाकायचं आणि डोंगरात पुन्हा बसवायचं म्हणजे काय काम असेल, याचा अंदाज पुस्तक वाचून येत नाही.

जपानी हा-गो या छोट्या रणगाड्यात तीन माणसं बसत. टरेटमध्ये एकटा कमांडर. लढाईकडे लक्ष ठेवायचं, हुकूम द्यायचे, तोफेत गोळा भरायचा, नेम धरायचा आणि तोफ डागायची, सगळं त्यानंच. बाजूला उभं राहून त्या टरेटच्या रुंदीचा अंदाज घ्या. आपल्यापैकी जाडजूड माणूस त्यात मावेल का, हा प्रश्न गंभीरपणे विचारा. अंगावरचा पत्रा जेमतेम १२ मिलिमीटरचा.

आता पॅटन. १९६५च्या युद्धात पाकिस्तानकडून हाती लागलेला हा अमेरिकी रणगाडा आपल्याकडे इतक्या चौकाचौकांत उभा आहे, की लोक त्याच्याकडे नुसतं विजयचिन्ह म्हणून बघतात. अभिमान वाटावा, त्यात गैर काही नाही. पण तेवढ्यावर थांबलात तर खरी गोष्ट हुकते. पॅटन कागदावर फार चांगला रणगाडा होता. नव्वद मिलिमीटरची तोफ होती. टरेटच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला फुगवटे आहेत, ते बघा. लक्ष्य किती लांब आहे हे मोजणाऱ्या दुर्बिणीची ती दोन टोकं आहेत. ही सोय नाजूक होती आणि ती नीट वापरायला भरपूर सराव लागत असे. खेमकरणजवळ असल उत्तर इथं ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत आपल्या सैन्यानं नालाच्या आकाराची बचावफळी उभारली, कालव्याचं पाणी शेतांत सोडलं आणि उसात रणगाडे दडवले. जड पॅटन चिखलात रुतले. समोर ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, ९ हॉर्स म्हणजे डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन होते आणि ८ कॅव्हलरीचे हलके फ्रेंच एएमएक्स-१३ होते. जीपवर बसवलेली रिकॉयललेस तोफ घेऊन पॅटन टिपणारे अब्दुल हमीद, परमवीर चक्राचे मानकरी, याच लढाईतले.

म्हणजे नगरच्या एका आवारात तुम्हाला पॅटन, शर्मन, सेंच्युरियन आणि एएमएक्स असे त्या लढाईतले दोन्हीकडचे खेळाडू एका फेरीत बघता येतात. पाटीच्या क्रमानं जाऊ नका, लढाईच्या क्रमानं जा. एएमएक्सपाशी नीट निरखलंत तर दिसेल की त्याच्या टरेटचे दोन भाग आहेत आणि तोफ वरखाली करायची तर टरेटचा वरचा अख्खा भागच झुकतो.

सेंच्युरियनपाशी आणखी दोन नावं आठवावीत. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर मुंबईत जन्मले, पुण्यात शिकले आणि १६ सप्टेंबर १९६५ला चाविंडाच्या लढाईत पडले. त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ला बसंतरला पडले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र, आणि दोघेही सेंच्युरियनमध्ये होते. पूना हॉर्स हे नाव १८१७मधल्या पेशवे-इंग्रज तहातून उभ्या राहिलेल्या घोडदळाचं आहे, हे पुणेकरांनाही बहुधा ठाऊक नसतं.

१९७१ची जोडी म्हणजे रशियन पीटी-७६ आणि अमेरिकी शाफी. पीटी-७६ तरंगणारा रणगाडा आहे आणि इथं मागून बघण्याचा सल्ला सगळ्यात फळतो. मागच्या पत्र्यावर दोन गोल झाकणं आहेत, पाण्यात गाडी ढकलणारे फवारे तिथून सुटतात. पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा निमुळता. वजन चौदा टन आणि पत्रा पातळ, कारण जाड चिलखत घेऊन तरंगता येत नाही. २१ नोव्हेंबर १९७१ला, म्हणजे युद्ध रीतसर जाहीर व्हायच्या आधी, पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ आणि पाकिस्तानी शाफी धुक्यात समोरासमोर आले आणि शाफींचा धुव्वा उडाला. शेवटी विजयंता बघा. ब्रिटनच्या विकर्स कंपनीच्या आराखड्यावर चेन्नईजवळच्या आवडी कारखान्यात बनलेला, १०५ मिलिमीटर तोफेचा, आपल्या देशात बांधलेला पहिला रणगाडा.

तिथं कुणी जवान किंवा निवृत्त सैनिक माहिती सांगायला असेल तर त्याला ‘किती मारले?’ असं विचारू नका. ‘उन्हाळ्यात आत किती गरम होतं?’, ‘पट्टा तुटला तर चढवायला किती जण लागतात?’, ‘ड्रायव्हरला बाहेरचं दिसतं कुठून?’ असं विचारा. माणूस खुलतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना सावलीत बसवून मग फेरी मारा. आवार मोकळं आहे, चालणं बरंच होतं. वेळ उरला तर जवळच निजामशाहीतला फराहबख्श महाल आहे. ज्या भुईकोट किल्ल्यात १९४२पासून नेहरू कैदेत होते, तोही याच शहरात. मात्र तो लष्कराच्या ताब्यात असल्यानं प्रवेशाची चौकशी आधी करावी.

जुन्या मोटारींसाठी थोडं लांब जावं लागतं. अहमदाबादजवळ काठवाड्याच्या दास्तान इस्टेटमध्ये प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आहे, उदयपूरला मेवाड घराण्याच्या जुन्या मोटारखान्यातच संग्रहालय केलंय, कोइमतूरला जी. डी. नायडूंच्या नावानं चालणारं जीडी कार म्युझियम आहे, आणि गुरुग्रामच्या पुढे तावडूला २०१३मध्ये सुरू झालेलं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम. निवड करायची तर माझं मत असं: राजेशाही थाट बघायचा असेल तर अहमदाबाद किंवा उदयपूर, यंत्रं समजून घ्यायची असतील तर कोइमतूर, आणि लहान मुलं असतील तर सरळ तावडू, कारण तिथं बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळंच आहे.

इथंही चकचकीत पुढच्या जाळीपासून जरा दूर व्हा आणि दाराशी वाका. या जुन्या मोटारींच्या काळात कंपनी चॅसी आणि इंजिन विकायची. बॉडी गिऱ्हाईक वेगळ्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. उंबऱ्याच्या पट्टीवर बहुतेक वेळा त्या बॉडीवाल्याच्या नावाची छोटी धातूची पट्टी असते. तीच त्या गाडीची खरी सही. आपल्याकडच्या संस्थानिकांनी बांधून घेतलेल्या गाड्यांत शिकारीसाठी सर्चलाइट, बंदुका ठेवायच्या खाचा, जनान्यासाठी पडदे असले प्रकार सापडतात. स्टीअरिंगच्या मधोमध बारीक दांड्या असतात, त्यातली एक ठिणगीची वेळ पुढेमागे करायची. हँडल मारून इंजिन चालू करताना ती दांडी मागे घ्यायला विसरलं तर हँडल उलटं फिरे आणि मनगट मोडे. म्हणून जुने ड्रायव्हर हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवत. दारांमधल्या खांबाला एक उभी फट दिसली तर ओळखा, वळताना तिथून छोटा हात बाहेर यायचा. ब्लिंकर यायच्या आधीचा इशारा तो.

एका बाबतीत माझं मन कोतं आहे. नव्या रंगानं आणि क्रोमनं आरशासारखी चमकवलेली गाडी मला आवडत नाही. फाटकी मूळ चामडी सीट आणि उडालेला मूळ रंग असलेली गाडी संग्रहात असेल, तर आधी तिच्याकडे जा. कारखान्यातून ती कशी निघाली आणि लोकांनी ती कशी वापरली हे तिच्यावरच वाचता येतं.

घरातल्या ज्येष्ठांना नेणार असाल तर फियाट आणि अँबॅसडरपाशी थांबायची तयारी ठेवा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, मुंबईच्या टॅक्सीतून ३० ऑक्टोबर २०२३ला कायमची निवृत्त झाली. तिचा स्टीअरिंगजवळचा गिअर टाकून दाखवण्याचा मोह आजोबांना आवरणार नाही. दोरीच्या अलीकडून हवेत हात फिरवू द्या.

ज्यांच्या गोठ्यात किंवा गॅरेजात आजोबांची गाडी ताडपत्रीखाली पडलीय त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा मोटार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी मात्र ती रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून ती भंगारात काढण्याआधी आरटीओत एकदा विचारा, आणि कागदपत्रं आत्ताच शोधून ठेवा. गाडी सापडते, आरसी बुक सापडत नाही.

आपली मंडळी इंग्लंडात असतील आणि डॉर्सेटकडे जाणं होणार असेल, तर बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम चुकवू नका. १९१५चा लिटल विली, म्हणजे रणगाड्याचा अगदी पहिला नमुना, तिथं आहे आणि १९४३मध्ये ट्युनिशियात पकडलेला जर्मन टायगर वर्षातले मोजके दिवस चालवूनही दाखवतात. तारीख बघूनच तिकीट काढा, त्या दिवसांचं आधी संपतं.

चालती गाडी बघण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जायची तशी गरज नाही. मुंबईत व्हिंटेज गाड्यांच्या रॅली निघतात, आणि कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते. त्यासाठी दुपारीच जाऊन जागा धरावी लागते. सोनं लुटण्याची झुंबड उडायच्या आधी गाडी बघून घ्या, कारण नंतर तिच्याजवळ पोचणं कोल्हापूरकरांनाही जमत नाही.